बाबांना घेऊन कांगेर घाटी: भर पावसात जावं की दिवाळीत?

मीरा_मुलुंड

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

माझे बाबा (वय ७३) रेल्वेत गार्ड होते. आता गार्डला 'ट्रेन मॅनेजर' म्हणायचं असं २०२२ मध्ये ठरलं, ते त्यांना अजून पटलेलं नाही. सगळी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये गेली. ते म्हणतात, ड्रायव्हरला गाव येताना दिसतं, मला कायम जातानाच दिसलं.

परवा टीव्हीवर बस्तरचं काहीतरी लागलं होतं. कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यान, साल-सागाचं जंगल, तीरथगडचा धबधबा, गुहा. बाबांनी भाताचा घास तसाच हातात धरून अख्खं पाहिलं आणि म्हणाले, "इथे जाऊया." गेल्या चार वर्षांत त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. त्यामुळे जायचं हे नक्की.

आता प्रश्न असा, की धबधबा बघायचा तर पावसाळ्यातच जावं ना? ऑगस्टमध्ये मला पाच दिवस रजा मिळेल, नाहीतर थेट दिवाळीत. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर ठणठणीत चालतात, पायऱ्या उतरताना कुरकुर करतात. तीरथगडला पायऱ्या आहेत असं ऐकलं. भाऊ म्हणतो, एवढी यातायात कशाला, ठोसेघरला नेऊन आण. कोणी जाऊन आलंय का?

बोरिवली_पूर्व

राष्ट्रीय उद्यान आमच्या घराच्या मागेच आहे. १० रुपये रिक्षा. धबधबा हवा असेल तर सोसायटीची टाकी रोज सकाळी ओव्हरफ्लो होते.

शेवटची_लोकल

@बोरिवली_पूर्व, १० रुपयांत रिक्षा? कुठल्या सालातून लिहिताय?

वाटाड्या

मीराताई, मी दोनदा गेलोय, एकदा ऑगस्टच्या शेवटी आणि एकदा जानेवारीत. दोन्ही वेळा काहीतरी हुकलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नकाशा डोक्यात बसवा, कारण बरेच जण इथेच घोळ घालतात. मुक्कामाचं गाव जगदलपूर. कांगेर घाटी उद्यान तिथून दक्षिणेला, सुकम्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या अंगाला, साधारण २७-३० किमीवर सुरू होतं. क्षेत्रफळ २०० चौरस किमी, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या उद्यानाच्या जेमतेम दुप्पट. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं. तीरथगड आणि कोटमसरची गुहा या भागात. तुम्ही टीव्हीवर घोड्याच्या नालेसारखा रुंद धबधबा पाहिला असेल तर तो चित्रकोट, आणि तो उद्यानात नाही. तो इंद्रावती नदीवर, जगदलपूरच्या दुसऱ्या अंगाला ४० किमीवर. दोन्ही एका दिवसात 'उरकणारे' लोक आहेत. तुम्ही तसं करू नका.

आता ऋतू. ऑगस्टमध्ये चित्रकोट म्हणजे पाणी राहत नाही, चिखलाची भिंत होते. ताकात गूळ घोळल्यासारखा रंग. काठावर उभं राहिलं की आवाज कानाआधी छातीत कळतो. तुषार इतके की चष्मा पुसायचा मी तिसऱ्या मिनिटाला सोडून दिला. पण पावसाळ्यात कोटमसरची गुहा बंद असते, कारण आत पाणी भरतं. म्हणजे अर्धं उद्यान बघायचं राहिलं.

जानेवारीत गुहा पाहिली, पण चित्रकोटला नालेच्या एका कोपऱ्यातून चार धारा पडत होत्या. होडी मात्र तेव्हा थेट धबधब्याच्या पायाशी जाते, त्याची मजा वेगळी.

माझं मत, दिवाळीच. नदीत पाणी असतं, ते निवळलेलं असतं आणि गुहा उघडायची वेळ झालेली असते. फक्त गुहा नक्की कधी उघडतेय हे निघण्याआधी वनखात्याला फोन करून विचारा. तारीख पावसावर मागेपुढे होते.

अवखळ

दिवाळी? मुळीच नाही. धबधबा बघायला जायचं आणि धबधबा निवळल्यावर जायचं, हे म्हणजे लग्न लागून गेल्यावर पंगतीला जाणं.

वाटाड्या

पंगतीलाच तर जातात लोक.

गिरगावकर

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तो भाग नक्षलवाद्यांचा म्हणून आपण इतकी वर्षं वाचत आलो. २५ मे २०१३ ला झीरम घाटीत काँग्रेसच्या नेत्यांच्या ताफ्यावर हल्ला झाला होता, ती जागा याच रस्त्यावर, दरभ्याच्या बाजूला आहे. ७३ वर्षांच्या माणसाला घेऊन तिकडे जायची काय गरज? चांदोली आहे की आपल्याकडे. तेही राष्ट्रीय उद्यान, वारणेचं खोरं, दाट जंगल, २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतलं पश्चिम घाटाचं क्षेत्र.

नागपुरी_संत्रं

गिरगावकर काका, झीरम झालं हे खरंच आहे, कोणी नाकारत नाही. पण माझी बहीण नऊ वर्षं जगदलपुरात राहते, भावजी बँकेत आहेत. चित्रकोट, तीरथगडला तिथली शाळेची पोरं सहलीला जातात, रविवारी रायपूरच्या गाड्यांची रांग लागते. ठरलेल्या जागा बघायच्या, अंधाराच्या आत परतायचं, आडवाटेला हौसेने शिरायचं नाही, आणि निघायच्या आधी तिथल्या माणसाला विचारायचं. आमची ताई पण हेच करते.

अन् चांदोली पावसाळ्यात बंदच असते, म्हणून ऑगस्टचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

एक सांगू का, इंद्रावती काही परकी नाही. भामरागडला पर्लकोटा अन् पामुलगौतमी तिला येऊन मिळतात, पुढे आपल्या गडचिरोलीच्या कडेकडेने जाऊन सिरोंचा तालुक्यात सोमनूरला ती गोदावरीत शिरते. नाशिकला ज्या नदीत तुम्ही नारळ सोडता, तिचीच ती पोरगी.

डॉ_खवचट

मग नारळ पोचला का विचारा ताईला.

पाणकावळा

पक्षी बघणारं कोणी असेल तर कांगेर घाटीत मुख्य आकर्षण धबधबा नव्हेच, बस्तरची पहाडी मैना. छत्तीसगडचा राज्यपक्षी. काळीभोर, चोच नारिंगी, डोळ्यामागे पिवळी कातडी लोंबते, आणि माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करते. याच गुणापायी बिचारी पिंजऱ्यात गेली आणि संख्या घटली. आता वनखात्याने आसपासच्या गावांतल्या मुलांना 'मैना मित्र' म्हणून कामाला घेतलंय. ती मुलं वठलेल्या सालाच्या ढोल्या राखतात आणि त्यांना थवा कुठे आहे ते ठाऊक असतं. सकाळी लवकर, शेंड्याकडे बघत बसायची तयारी हवी. मला तीन तासांत दोन मिनिटं दिसली. वसूल.

वाघ बघायचा असेल त्यांनी ताडोब्याला जावं. इथे शेकरू, रानडुक्कर, नशीब असेल तर अस्वल. कांगेर नदी पुढे कोलाब नदीला मिळते त्याच्या अलीकडे भैंसा दरहा नावाचा खोल डोह आहे, त्यात मगरी आहेत.

शेवटची_लोकल

कोलाब म्हणजे? आमच्या कुलाब्याशी काही नातं?

पाणकावळा

काही नाही. त्या कोलाबलाच पुढे शबरी म्हणतात. तीही गोदावरीलाच मिळते. म्हणजे नागपुरी_संत्रं यांच्या हिशेबाने आणखी एक पोरगी.

मालवणी_खाजा

बस्तरात गेलात तर एक गंमत ऐका. मी ऑफिसच्या कामाने गेलो होतो, गाडीच्या काचेवर लिहिलेलं दिसलं, 'आमचो बस्तर'. म्हटलं, अरे, हा कोण कुडाळचा इथे येऊन राहिला? ड्रायव्हर म्हणाला, साब, ये हल्बी है. "तुचो नाव काय आय?" हा हल्बीतला प्रश्न. मला भाषांतर लागलंच नाही. मी मालवणीत उत्तर दिलं, तो हसून हसून गाडी हळू करायला लागला.

नागपुरी_संत्रं

बरोबर पकडलंत. हल्बीत मराठी, छत्तीसगढी, ओडिया सगळं मिसळलेलं आहे. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात तिची नोंद मराठीच्या खंडात केली होती.

गिरगावकर

भाषा बोली यावर वेगळा धागा काढा. इथे परत तेच भांडण नको.

डॉ_खवचट

काकांनी धाग्याला लाल झेंडा दाखवला. गार्ड आपल्यात आहेत याची आठवण ठेवा.

चिंचपोकळी_वहिनी

खायचं कोणीच लिहिलं नाही. लाल मुंग्यांची चटणी, चापडा म्हणतात तिला. झाडावरची पानांची घरटी काढून मुंग्या अंड्यांसकट मिरची-मिठाबरोबर वाटतात. आम्ही आठवडी बाजारात पानावर घेतली. आंबट, लिंबापेक्षा जरा उग्र, मागून नाकात झणझण. माझ्या नवऱ्याने दोनदा घेतली आणि मग मी त्याला सांगितलं की ते काय आहे.

सल्फी पण असते. झाडातून काढलेला रस, सकाळी गोडसर, उन्हं चढली की चढते. कोकणातल्यांना सांगायचं तर भेरली माडाची माडी.

बोरिवली_पूर्व

"दोनदा घेतली आणि मग सांगितलं." वहिनी, तुमच्या घरी जेवायला येणार नाही.

वाटाड्या

प्रवासाचं राहिलं. मुंबईहून दोन वाटा. पहिली, हावडा मेलने किंवा गीतांजलीने रायपूर आणि पुढे ३०० किमी रस्त्याने. बस असो की गाडी, सहा-सात तास धरा, मध्ये केशकालचा घाट. गीतांजली रायपूरला अवेळी उतरवते, म्हाताऱ्या माणसाबरोबर मेल बरी. वाटेत कोंडागावला ढोकऱ्याचं काम बघायला थांबा. मेणाची आकृती करून तिच्यावर माती लिंपतात, तापवून मेण वितळवतात आणि त्या पोकळीत पितळ ओततात. एकदा साचा फोडला की परत तसा नग होत नाही.

दुसरी वाट लांबची, पण मीराताई, बाबा रेल्वेतले म्हणून सांगतो. विशाखापट्टणम गाठायचं आणि तिथून किरंदुलच्या गाडीने जगदलपूर. बैलाडिल्याचं लोहखनिज बंदरापर्यंत न्यायला जपानच्या मदतीने साठच्या दशकात ही लाईन टाकली. पूर्व घाट चढते, अराकूवरून जाते, पन्नासेक बोगदे लागतात. समोरून खनिजाच्या मालगाड्या येत राहतात. दिवस जातो, पण माणसाला खिडकी सोडवत नाही.

मीरा_मुलुंड

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी! वाटाड्या, तुमचा दुसरा परिच्छेद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला ती चूक झाली. आता ते विशाखापट्टणमचं टाइमटेबल घेऊन बसलेत.

दिवाळी ठरवतेय. पण पायऱ्यांचं अजून कोणीच बोललं नाही.

अवखळ

पायऱ्या काय हो, हळूहळू उतरायच्या. मनाचा हिय्या केला की होतं.

फिजिओ_दादर

मनाच्या हिय्याने सांधा चालत नाही. मी याच कामात आहे म्हणून लिहिते. गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणलेला राहून अख्खं वजन तोलतो. तीरथगडला वरून तळाशी जायला दोनशेच्या वर पायऱ्या आहेत, पाण्याजवळच्या कायम ओल्या. शस्त्रक्रियेला किती महिने झाले आणि घरी ते जिना कसा उतरतात, यावर ठरवा, आणि त्यांच्या सर्जनना विचारा. उतरायचं ठरलं तर काठी दुसऱ्या हातात, म्हणजे डाव्या, आणि पायरीवर आधी उजवा पाय. चढताना आधी डावा. आणि परतीचा चढ त्याच माणसाला चढायचाय, हे विसरू नका.

कोटमसरलाही विचार करा. तोंड अरुंद, लोखंडी जिना, आत दमट आणि कोंदट. दम्याच्या, हृदयाच्या पेशंटने तर जाऊच नये.

वाटाड्या

फिजिओताईंना अनुमोदन. चुकलंच माझं, हे आधी लिहायला हवं होतं. तीरथगडला गाडी वरच थांबते आणि वरूनही धबधबा दिसतो. साधारण ३०० फुटांचा, पण एका उडीत नाही, टप्प्याटप्प्याने खडकावरून पसरत येतो. बाबा वर बसले तरी रिकाम्या हाती परतणार नाहीत.

डॉ_खवचट

वर बसून खाली उतरणाऱ्यांना सूचना देणे हे वडील मंडळींचं आवडतं काम आहे. सोय उत्तम दिसते.

मीरा_मुलुंड

(धागा वर काढतेय. जाऊन आलो!)

पाच दिवसांचे आठ झाले, कारण जाताना विशाखापट्टणमवरूनच गेलो. बाबा पूर्ण वेळ खिडकीशी. प्रत्येक बोगद्याला कागदावर उभी रेघ मारत होते, पाच झाल्या की आडवी. मध्ये डुलकी लागली आणि हिशेब चुकला, तेव्हापासून जगदलपूरपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, कारण मी उठवलं नाही.

एक फजिती. ऑनलाइन ठरवलेल्या मुक्कामावर पोचलो तर आमच्या नावाची खोलीच नव्हती. "साहेब, कालचं बुकिंग होतं तुमचं." तारीख बरोबर असल्याचा मेसेज दाखवला, तरी मान हलेना. शेवटी समोरच्या दुकानदाराने कुठेतरी फोन लावला आणि आम्ही धुडमारासला गेलो. नागपुरी_संत्रं, तुम्ही या गावाचं लिहायला हवं होतं! उद्यानाला लागून धुरवा लोकांचं गाव, घरीच राहायची सोय, आणि दारातून कांगेर नदी. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने पर्यटन-गावांच्या कार्यक्रमासाठी ते निवडलं होतं, हे तिथल्या मुलाने अभिमानाने सांगितलं. बांबूच्या तराफ्यावर तो आम्हाला घेऊन गेला. बांबूंच्या फटींतून पाणी वर येतं, बूड ओलं होतंच. नदी इतकी शांत की बांबूची काठी तळाला टेकली की खडा सरकल्याचा आवाज यायचा.

कोटमसर उघडी होती. बाबा फाटकापाशीच थांबले, मी गेले. गाईड सोबत असतो, एकट्याने सोडत नाहीत. चुनखडीचे लवणस्तंभ, वरून लोंबणारे आणि खालून वाढणारे, काही एकमेकांना टेकलेले. त्याने एका ठिकाणी टॉर्च विझवला. मुंबईत अंधार नसतोच हो, लोडशेडिंगमध्येही कुठून तरी उजेड येतो. इथे डोळे उघडे आहेत की मिटलेत, ते बोटांनी चाचपून बघावं लागलं. मग थेंबाचा आवाज. मग परत टॉर्च, आणि एका डबक्यात बोटाएवढा फिकट मासा. पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून यांचे डोळे खुरटले, रंगही उडाला. उजेड पडला तरी तो हलला नाही. मी पाण्याजवळ पाऊल टाकलं तेव्हा मात्र निसटला.

आता तीरथगड. सर्जनना विचारलं होतं, ते म्हणाले थोडं उतरा, बघा. बाबा अकरा पायऱ्या उतरले, थांबले, खाली बघितलं आणि म्हणाले, "तू जा." मी म्हटलं, राहू दे, दोघंही वरूनच बघू. तर म्हणाले, "जा गं, मी आहे ना मागे." मी गेले. खाली शंकर-पार्वतीचं देऊळ, पाण्याचा गारवा, सेल्फीवाल्यांची गर्दी. वर मान करून पाहिलं तर बाबा कठड्याशी उभे. कोणाकडून तरी हिरवा गमछा मिळवला होता आणि तो सरळ हातात धरून संथ हलवत होते, पूर्वी ब्रेकव्हॅनमधून झेंडी हलवायचे तसा. अख्खी गाडी नीट सुटली की दाखवतात तो.

वर आले तेव्हा चहाच्या टपरीवर त्यांचं बस्तान बसलेलं. टपरीवाली हल्बीत आणि हे मराठीत, बिनधास्त चाललं होतं. गमछा तिच्या नवऱ्याचा होता. तो आता मुलुंडला आहे, कारण तिने परत घेतला नाही.

मालवणी_खाजा

बाबांका माझो नमस्कार सांगा.

अवखळ

ते सगळं छान, पण चित्रकोटला पाणी होतं का नव्हतं? माझी पैज लागलीय.

मीरा_मुलुंड

नालेच्या निम्म्याहून जास्त भागात होतं, आणि पांढरं स्वच्छ. होडीने जवळपर्यंत गेलो, दोघंही चिंब. पैज कोणाशी लागलीय?

वाटाड्या

माझ्याशी. अवखळ, पंगत तुमच्याकडे. चापड्यासकट.

चिंचपोकळी_वहिनी

वाढायला मी येते.

बोरिवली_पूर्व

मीराताई, बोगद्यांचा आकडा किती आला शेवटी?

मीरा_मुलुंड

डुलकीपर्यंत ३१. पुढचे मोजायला परत जायचं म्हणतात. ऑगस्टमध्ये.